मालकाचीही चौकशी करा!



मुलाखतीला गेलेल्या आमच्या पोरांना एक प्रश्न हमखास येतो, "सोनवणे म्हणजे कुठले?" खान्देशात हे आडनाव अनेक जातींत आहे. प्रश्न गावाचा वाटतो, पण चौकशी जातीची असते. म्हणजे नोकरी देणारा आपली माहिती काढतो. आपण त्याची काढतो का?

नाही काढत. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत शेवटच्या वर्षाच्या मुलांना आम्ही विचारतो, पुढे काय? उत्तरं दोनच. पोलीस भरती, नाहीतर एमपीएससी. वय निघून गेलं की मग ठेकेदार म्हणेल ते काम. आमचा एक कार्यकर्ता एम.एस्सी. होऊन एका कारखान्यात लागला. घरच्यांनी पेढे वाटले. काही महिन्यांनी कळलं, तो कंपनीचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस आहे. पगारातून पीएफ कापला, पण भरलाच नाही.

यात त्या पोराचा दोष नाही. सवर्ण घरात मामा कंपनीत, काका बँकेत असतो. कुठं जागा निघणार, कुठला साहेब कसा, हे जेवता जेवता कानावर पडतं. ही माहितीसुद्धा वारसा हक्कानं मिळणारी मालमत्ताच आहे. आमच्या वाट्याला ती आली नाही.

काही मित्र म्हणतात, जातच आडवी येणार असेल तर चौकशीचा उपयोग काय? जात आडवी येते, हे खरंच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास पाहा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांनाही तिथं राहायला जागा मिळाली नाही. पदवी एकटी पुरत नाही, म्हणूनच चौकशी लागते.

ती कशी करायची? ईपीएफओच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका. कोणत्या महिन्यात किती कामगारांचा पीएफ भरला ते दिसतं. पाळी सुटताना गेटवर उभं राहून कामगारांना विचारा, कायम किती, ठेक्यावर किती, वरच्या खुर्चीत आपलं कोणी आहे का. सरकारी कार्यालय असेल तर माहिती अधिकारात बिंदुनामावली आणि अनुशेष मागा. आयटीआयवाल्यांनी शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ चं कलम ३-अ वाचावं. ठरवून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवणं खासगी मालकावरही बंधनकारक आहे. किती जण ही जागा मागतात? आणि नोकरीसाठी कोणी पैसे किंवा मूळ कागदपत्रं ठेवून मागितली, तर तिथूनच परत फिरा.

हे एकट्यानं होणार नाही. भुसावळच्या रेल्वेत, आयुध निर्माणीत, दीपनगरच्या वीज केंद्रात, जळगावच्या पाइप-चटईच्या कारखान्यांत, धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत जिथं जिथं आपली माणसं आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार अभ्यासिकेला द्यावा. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कोण कुठं लागला, हातात पगार किती, कायम की ठेका, वागणूक कशी. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब आपण पै-पैचा ठेवतो. पोरांच्या आयुष्याचा हिशोब ठेवायला एक वही जड आहे का?