गौरव करावा, तो समजून

परीक्षांचे निकाल लागले की विद्यापीठांच्या वाणिज्य आणि व्यवस्थापन विभागांतून गौरवसमारंभांच्या बातम्या येऊ लागतात. कोणी विद्यापीठात पहिला आला, कोणाला सुवर्णपदक मिळाले, कोणी नेट अथवा सेट उत्तीर्ण झाले, कोणा प्राध्यापिकेला पीएचडी प्रदान झाली, कोणाचा शोधनिबंध परिषदेत वाचला गेला, कोणाची मोठ्या कंपनीत निवड झाली. बेळगाव असो, गोवा असो, इंदूर असो की वडोदरा, त्या यादीत मराठी आडनावे दिसली म्हणजे आपल्या मंडळींचा ऊर भरून येतो. तो यावाच. परंतु ज्या यशाचा आपण गौरव करतो ते यश नेमके काय आहे, हे आपल्याला कळते का, हा प्रश्न आम्हांला येथे मांडावयाचा आहे.

प्रथम या यशाचे मोल सांगितले पाहिजे. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी वाणिज्य शाखेत येतो तेव्हा तो तीन भाषांच्या चौकात उभा असतो. घरी हिशेब मराठीत, वर्गात ताळेबंद इंग्रजीत आणि बँकेच्या अथवा सरकारी कचेरीच्या खिडकीवर राज्यभाषेत, म्हणजे कोठे कन्नड, कोठे हिंदी, कोठे गुजराती. जी संकल्पना इतरांना एकदा समजावी लागते ती त्याला तीनदा समजून घ्यावी लागते. असा विद्यार्थी गुणवत्तायादीत येतो तेव्हा त्या गुणांत न दिसणारे श्रमही असतात. त्याला घडविणारे प्राध्यापक पुष्कळदा कन्नड, गुजराती किंवा हिंदी भाषक असतात. त्यांच्याही यशाचा आनंद आपण मोकळ्या मनाने मानावा. आपल्या भाषेचा आग्रह म्हणजे दुसऱ्याच्या कर्तृत्वाचा अनादर नव्हे.

आता त्या बातम्यांच्या भाषेकडे वळू. 'उत्तुंग यश', 'गगनभरारी', 'घवघवीत यश संपादन', 'शिरपेचात मानाचा तुरा' हे शब्द इतके झिजले आहेत की नावे बदलून तीच बातमी पुढील दहा वर्षे छापता येईल. पीएचडी मिळाली असे लिहिलेले असते, पण प्रबंधाचा विषय इंग्रजी शीर्षकाच्या देवनागरी लिप्यंतरात दिलेला असतो. वाचकाला त्यातून एवढेच कळते की काहीतरी मोठे झाले आहे. मुलीने पाच वर्षे कशाचा अभ्यास केला हे तिच्या आईवडिलांना सांगता येत नसेल, तर हार, शाल आणि श्रीफळ देऊनही आपण तिच्या कामाचा सन्मान केला असे म्हणता येणार नाही.

मराठीत शब्द नाहीत, ही सबब येथे चालणार नाही. व्यापाराच्या बाबतीत तर मुळीच नाही. कीर्द, खतावणी, रोजमेळ, तेरीज, ताळेबंद, मुद्दल, वटाव, हुंडी, अडत, इसार, तारण, घसारा, बुडीत कर्ज, भागभांडवल हे शब्द आपल्या पेढ्यांनी, अडत्यांनी आणि कारकुनांनी वापरून मुरविले आहेत. यंत्राची किंमत वापराने दरसाल घटते आणि ती घट हिशेबात धरावी लागते, ही कल्पना 'घसारा' या एका शब्दात जितकी स्पष्ट होते तितकी लांबलचक व्याख्येने होत नाही. जेथे जुना शब्द पुरत नाही तेथे महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे वाणिज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचे परिभाषा कोश हाताशी आहेत. त्यांतील काही प्रतिशब्द जड आहेत, हे खरे. तेथे लोकांच्या तोंडी बसलेला इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा. चेक, शेअर, ऑडिट यांनी मराठी बाटत नाही.

ही केवळ भाषेच्या अभिमानाची गोष्ट असती तर आम्ही एवढा आग्रह धरला नसता. वकिलीच्या व्यवसायात आम्ही जे पाहतो त्यामुळे हा प्रश्न आम्हांला पोटापाण्याचा वाटतो. सीमाभागात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. निवृत्तीचे पैसे, शेतीचे पैसे, लेकीच्या लग्नासाठी साठविलेले पैसे लोक तेथे ठेवतात. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था यांतील भेद पुष्कळ ठेवीदारांना ठाऊक नसतो. बँकेतील ठेवीला ठेवविमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारास ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. शिवाय संस्था एकाहून अधिक राज्यांत काम करीत असेल तर तिला २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा लागू होतो, आणि मग दाद कोठे मागावयाची येथपासून सारे बदलते. संस्था अडचणीत आल्यावर ठेवीदार पावती घेऊन वकिलाकडे येतो, तेव्हा या गोष्टी त्याला पहिल्यांदा कळतात. हमीदाराचेही तेच. सही करताना 'नुसते नाव लागते' असे त्याला सांगितलेले असते. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे वसुलीची नोटीस हाती पडल्यावर उमगते.

सहकारी पतपुरवठा, थकबाकी, वसुली, लहान उद्योगांचे खेळते भांडवल, भाजीपाल्याची बाजारपेठ हे तर वाणिज्य विभागांतील संशोधनाचे नित्याचे विषय. म्हणजे ज्ञान आहे, ते मिळविणारी आपली मुले आहेत, त्यांना मार्गदर्शन करणारे प्राध्यापक आहेत. पण ज्या ठेवीदाराकडून प्रश्नावली भरून घेतली त्याच्यापर्यंत निष्कर्ष परत जात नाही. प्रबंध ग्रंथालयात जातो, त्याची प्रत शोधगंगा या संग्रहात चढते, आणि गावात फक्त सत्काराचे छायाचित्र येते.

विद्वत्ता आणि लोकभाषा यांची फारकत असलीच पाहिजे असे नाही. मुंबईचे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय १९१३ साली स्थापन झाले. तेथे १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवीत होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पण त्याआधीच, १९२० च्या जानेवारीत, त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक मराठीत सुरू केले होते. जगाशी बोलावयाची भाषा एक आणि आपल्या माणसांशी बोलावयाची दुसरी, हे त्यांना अवघड गेले नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळले. विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्यासोबतचे शेतकरी यांच्याशी त्यांचा व्यवहार इंग्रजी प्रबंधांतून झाला नाही.

गौरवाच्या मापांविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. अमुक प्राध्यापकांचे चाळीस शोधनिबंध प्रसिद्ध, असे वाचून आपण टाळ्या वाजवितो. पण पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ साली केअर ही स्वीकृत नियतकालिकांची यादी काढावी लागली. २०२५ साली ती यादीही बंद झाली आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. त्याच २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमही झाले. तेव्हा निबंध किती, यापेक्षा एका निबंधात काय सापडले, हे विचारणे अधिक योग्य. आणि हे मराठीत चार ओळींत सांगावयास लावले की खरे आणि पोकळ काम आपोआप वेगळे होते. ज्याने विषय पचविला आहे तो सोप्या भाषेत सांगू शकतो. ज्याने उतरवून काढला आहे तो अडखळतो.

येथे कोणी कायद्याची अडचण पुढे करील. राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक भाषिक समूहाला आपली भाषा जतन करण्याचा हक्क दिला आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये अनुदान आयोगाने विद्यापीठांना असेही सांगितले, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. सीमाभागात 'स्थानिक भाषा' कोणती, हा वाद निराळा आहे आणि तो त्याच्या जागी लढला जाईल. आम्ही जे सुचवितो त्यासाठी त्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, मराठी मंडळे, वाचनालये आणि शिक्षणसंस्था वाणिज्य किंवा व्यवस्थापन विभागातील ज्यांचा सत्कार करतात, त्यांच्याकडून संशोधनाचे एक पान मराठी टिपण घ्यावे. मराठी न येणाऱ्या प्राध्यापकांचे टिपण त्यांच्या मराठी विद्यार्थ्याने लिहावे. दुसरी, सत्काराच्या कार्यक्रमात पाहुण्यांची भाषणे कमी करून सत्कारमूर्तीला अर्धा तास द्यावा आणि श्रोत्यांना प्रश्न विचारू द्यावेत. पतसंस्थेवर प्रबंध लिहिणाऱ्याला गावातील ठेवीदारांनी प्रश्न विचारावेत, यापरते मोठे परीक्षण नाही. तिसरी, बातमी लिहिणाऱ्यांनी विशेषणे गाळून विषय, प्रश्न आणि निष्कर्ष या तीन गोष्टी मराठीत द्याव्यात. अशी टिपणे वर्षाकाठी दहा जमली तरी पाच वर्षांत पन्नास होतील, आणि सामान्य माणसाच्या उपयोगी पडेल असे अर्थव्यवहाराचे मराठी पुस्तक आपोआप तयार होईल.

विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: इंग्रजीत उत्तम लिहा, राज्यभाषा उत्तम शिका, त्यावाचून आजचा व्यवहार चालणार नाही. पण जे शिकलात ते घरच्या भाषेत सांगता येईल अशी तयारीही ठेवा. आणि वाचकहो, यंदा तुमच्या गावात असा सत्कार होईल तेव्हा हार घालून झाल्यावर त्या मुलामुलींना जरूर विचारा, 'तू नेमके काय शोधलेस, ते आम्हांला सांग.' उत्तर ऐकून आपल्या ठेवीची पावती घरी जाऊन पुन्हा एकदा वाचावीशी वाटली, तर तो सत्कार सार्थकी लागला असे समजावे.