दोन याद्या, एक नाव

दशलक्षण पर्वाची सांगता झाली की मंदिराच्या कार्यालयात एक काम हमखास उरते. अष्टमीला उपवास केलेल्यांची एक यादी असते, अनंत चतुर्दशीला उपवास केलेल्यांची दुसरी. आणि क्षमावणीच्या दिवशी या साऱ्यांच्या हाती श्रीफळ व एखादा ग्रंथ द्यावयाचा असतो. ग्रंथ किती मागवावेत? समजा, पहिल्या यादीत ४२ नावे आहेत आणि दुसरीत ६५. कोषाध्यक्ष बेरीज करून १०७ ग्रंथ मागवतात. वाटप झाल्यावर २७ ग्रंथ कपाटात उरतात, कारण २७ जणांनी दोन्ही दिवशी उपवास केलेला असतो व त्यांची नावे दोन्ही याद्यांत असतात.

उरलेले ग्रंथ पुढील वर्षी उपयोगी पडतील, त्यात फारशी हानी नाही. खरी चूक पुढची आहे. एखादा उत्साही कार्यकर्ता म्हणतो, ‘दोनदा आलेली नावे काढून टाका,’ आणि ती दोन्ही याद्यांतून काढली जातात. मग पहिल्या यादीत १५ उरतात, दुसरीत ३८, एकूण ५३. ज्यांनी सर्वांहून अधिक तप केले तेच २७ जण रिकाम्या हाताने घरी परततात. योग्य संख्या ८० आहे : १०७ मधून २७ एकदाच वजा करावयाचे.

शाळेत याच हिशेबाला संचांचा संयोग म्हणतात. राज्य मंडळाच्या नववीच्या गणितातील पहिलेच प्रकरण संचांचे आहे, आणि पालक मुलांचा अभ्यास घ्यावयास बसले की येथेच अडखळतात. ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन संच असतील, तर जो घटक ‘अ’ मध्ये आहे किंवा ‘ब’ मध्ये आहे, तो संयोग संचाचा घटक. लिहिताना अ ∪ ब असे लिहितात. उभ्या पेल्यासारखे हे चिन्ह इटालियन गणिती पेआनो याने १८८८ मध्ये रूढ केले. दोन्ही संचांत असलेल्या घटकांचा जो संच, तो छेद संच. संचात कोणताही घटक एकदाच मोजला जातो, म्हणून संयोग म्हणजे बेरीज नव्हे. दोन्ही संख्यांची बेरीज करून छेदाची संख्या एकदा वजा केली की संयोगाची संख्या मिळते.

मुलांचा गोंधळ गणितापेक्षा भाषेमुळे अधिक होतो. ‘चहा घेणार किंवा दूध?’ या प्रश्नातील ‘किंवा’ दोहोंपैकी एकच निवडावयास सांगतो. गणितातील ‘किंवा’ तसा नाही. दोन्हीकडे असलेल्यालाही तो सामावून घेतो. त्या कार्यकर्त्याने व्यवहारातला ‘किंवा’ गणितात आणला, एवढाच त्याचा दोष. ‘आणि’ची गत याहून विचित्र आहे. ‘अष्टमीला आणि चतुर्दशीला उपवास केलेल्यांनी पुढे यावे’ अशी घोषणा झाली तर ८० जणांनी उठावे की २७ जणांनी? वाक्यरचना दोन्ही अर्थांना वाव देते. सूचना लिहिणाऱ्याने येथे ‘दोहोंपैकी कोणत्याही दिवशी’ असे स्पष्ट म्हणणेच बरे.

जैन घरातील मुलाला संयोग शिकविण्यासाठी पाठ्यपुस्तकातील क्रिकेट व फुटबॉल खेळणाऱ्या मुलांपेक्षा जवळचे उदाहरण पाठशाळेत आहे. चार गतींनुसार संसारी जीव विभागले तर नारकी, तिर्यंच, मनुष्य व देव असे गट होतात. एक जीव एका वेळी एकाच गतीत असतो, म्हणून हे विभिन्न संच आहेत; त्यांच्या संयोगाला साधी बेरीज पुरते. आता एक संच गतीवरून घ्यावा आणि दुसरा इंद्रियांवरून : तिर्यंच आणि पंचेंद्रिय. मुंगी तिर्यंच आहे, पण तिला तीनच इंद्रिये. मनुष्य पंचेंद्रिय आहे, पण तिर्यंच नाही. गाय दोन्हीत आहे. मग या दोहोंच्या संयोगाबाहेर कोण उरले? एकही संसारी जीव नाही. कारण जो तिर्यंच नाही तो नारकी, मनुष्य किंवा देव असणार, आणि ते सारे पंचेंद्रियच. हे उत्तर मूल स्वतः शोधून काढते तेव्हा त्याला संयोग समजला असे खुशाल मानावे.

षट्खंडागमावरील धवला टीकेत वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात जीवराशींच्या गणनेचा असा विचार फार विस्ताराने केला आहे. या टीकेचे मुद्रण डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून सुरू झाले. म्हणून आधुनिक संचसिद्धान्त जसाच्या तसा तेथे होता असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. राशी वेगळ्या करून काळजीपूर्वक मोजण्याची दृष्टी तेथे होती, हेच पुरेसे गौरवास्पद आहे.

याद्या तीन झाल्या की सावधगिरी वाढते. पंचमीचेही उपवास धरले, तर तिन्ही दिवस उपवास केलेली व्यक्ती बेरजेत तीनदा येते. दोन-दोन याद्यांचे छेद वजा करताना ती तीनदाच जाते, म्हणजे पुरती नाहीशी होते. तिला शेवटी एकदा परत मिळवावे लागते.

स्वयंपाकघरातील संयोग याहून रोजचा आहे. चातुर्मासात तीन पाहुणे जेवावयास येणार आहेत. एकीने कंदमूळ व मीठ सोडले आहे, दुसऱ्याने कंदमूळ व पालेभाज्या, तिसऱ्याने कंदमूळ व दही. सर्वांसाठी एकच स्वयंपाक करावयाचा तर वर्ज्य पदार्थ म्हणजे या तीन त्यागांचा संयोग : कंदमूळ, मीठ, पालेभाज्या, दही. कंदमूळ तिघांचे वर्ज्य, तरी यादीत एकदाच. उलट बाजूने पाहिले तर ताटात येऊ शकणारे पदार्थ म्हणजे तिघांना चालणाऱ्या पदार्थांचा छेद. वर्ज्यांचा संयोग बाजूला काढला की उरतो तो ग्राह्यांचा छेद, हा नियम मदुराईत १८०६ मध्ये जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. पाहुणा वाढला की वर्ज्यांची यादी तेवढीच राहते किंवा वाढते, कमी कधीच होत नाही. म्हणूनच घरची गृहिणी पाहुण्याला ‘तुम्हांला काय काय चालते?’ असे विचारीत बसत नाही. ‘सध्या काय सोडले आहे?’ एवढेच विचारते आणि चूल पेटवते.