मागच्या चाकांची वाटणी

आमचा मेव्हणा अमेरिकेत मिशिगनला असतो. मिशिगन म्हणजे मोटारींचं माहेर. तिथं राहून ज्याला मोटारीचं वेड लागत नाही, त्याला डॉक्टरकडे न्यावं. त्याने १९६७ सालची फोर्ड मस्टँग घेतली तेव्हा मी रीतसर अभिनंदन केलं. आता मात्र त्याने तिला मागून 'इंडिपेंडंट सस्पेन्शन' बसवायचं काढलं आहे, आणि या बाबतीत मी गप्प बसणार नाही. मी बँकेतला कारकून, बी.कॉम., वाहन म्हणाल तर स्कूटर. पण दुसऱ्याच्या पैशाबद्दल पोटतिडकीने बोलायची मला वीस वर्षांची सवय आहे.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या जुन्या मस्टँगची मागची दोन चाकं एकाच अखंड ॲक्सलने बांधलेली असतात आणि तो ॲक्सल कमानपाट्यांवर बसतो. आपल्या ॲम्बॅसडरचंही असंच होतं. हे एकत्र कुटुंब. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही मान तिरकी करावी लागते. एकाला शिंक आली की दुसऱ्याने रुमाल काढायचा. इंडिपेंडंट म्हणजे वाटणी झाली. प्रत्येक चाकाचा वेगळा संसार, वेगळी स्प्रिंग. मधला डिफरन्शियल तेवढा गाडीच्या अंगाला बांधलेला, सामायिक विहिरीसारखा. डाव्याचं दुखणं डाव्यापाशी.

"भाऊजी, खडबडीत वळणावर फरक काय पडतो, तुम्हाला कल्पना नाही," मेव्हणा म्हणतो.

आहे कल्पना. एका ऑगस्टात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. तिथं वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टात जुन्या गाड्यांची जत्रा भरते. ती बघून परतताना मी मागच्या सीटवर होतो. एका उखडलेल्या वळणावर गाडीचा मागचा भाग शेजारच्या लेनमध्ये चौकशी करून आला आणि माझ्या डोक्याने छपराची. वाटणीत सुख असतं हे मी नाकारत नाही. मी स्वतः वन बीएचकेत राहतो.

पण ही गाडी वळणासाठी जन्मलीच नव्हती, त्याचं काय? ही पैलवान गाड्यांची जात. तिकडे त्यांना मसल कार म्हणतात. (सोवळे लोक मस्टँगला 'पोनी कार' म्हणतात. ते भांडण त्यांचं त्यांनी मिटवावं.) या जातीचा जन्म बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून धरतात. मधल्या आकाराच्या टेम्पेस्टच्या अंगात ३८९ घनइंचांचं दांडगं इंजिन घातलं, झाली जीटीओ. आता गंमत ऐका. १९६१ ते १९६३ च्या टेम्पेस्टला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शनच होतं! १९६४ च्या मॉडेलला पॉन्टिॲकने ते काढून अखंड ॲक्सल घातला, आणि त्याच वर्षी जीटीओ निघाली. म्हणजे वाटलेली चूल ज्या घरात पुन्हा एक झाली, त्याच घरात हे पोर जन्मलं. आणि आमचा मेव्हणा त्याच पोराच्या भावकीत वाटणीचा कागद घेऊन निघाला आहे.

या गाड्यांची सगळी ईर्ष्या सरळ रेषेतली. या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत, नाहीतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. अशा वेळी दोन्ही टायर सरळ उभे राहून एकदिलाने जमीन ढकलायला हवेत, आणि ते काम अखंड ॲक्सल बिनतक्रार करतो. फोर्डने १९९९ च्या मस्टँग कोब्राला इंडिपेंडंट दिलं, तर शर्यतीत जोरात सुटताना मागची चाकं बेडकासारखी उड्या मारू लागली. कित्येक मालकांनी ती नवी व्यवस्था पदरचे पैसे मोडून काढली आणि अखंड ॲक्सल बसवला! कमानपाट्यांवरचा ॲक्सलही उड्या मारतो, हे कबूल. पण त्याला दोन दांड्या लावल्या की पुष्कळसं भागतं. त्यासाठी घर पाडावं लागत नाही.

आणि खरं दुखणं इथंच आहे. काही किटं नुसती बोल्टांवर बसतात. तशी असती तर मी एवढा तापलो नसतो. उद्या अक्कल आली की काढता येतं. मेव्हण्याने पसंत केलेल्या किटासाठी गाडीचं बूड कापून वेल्डिंग करावं लागणार आहे. जिचं मूळचं काहीच उरलेलं नाही अशा गाडीला खुशाल कापा. पण याची गाडी आधीच्या मालकाने जीव लावून जपलेली. इंजिन मूळचं, गिअरबॉक्स मूळचा, ॲक्सलही मूळचा. त्यांवरचे आकडे एकमेकांशी जुळतात आणि तिकडच्या बाजारात त्याला मोल आहे. ट्रायल बॅलन्स पहिल्या फटक्यात जुळल्यावर कोणी खोडरबर शोधायला जातं का?

आमच्या शाखेत एक आजोबा पेन्शन काढायला येतात. त्यांचा 'र' कापतो. स्लिपवर तो कापरा 'र' दिसला की वर न बघता मी पैसे पुढे करतो. उद्या त्यांनी वळणदार, घोटीव सही केली तर मी स्लिप साहेबांकडे पाठवीन. या गाडीची ती बोचरी, आडदांड चाल म्हणजे तिची नमुना सही आहे. मऊ चाल हवी असेल तर २०१५ पासूनच्या सगळ्या मस्टँगना कारखान्यातूनच इंडिपेंडंट येतं. ती घ्यावी, शिवाय तिच्यात एसी गार असतो.

हे सगळं मी त्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "भाऊजी, किट आलंय. खोकं अजून फोडलेलं नाही."

मी पुन्हा टेम्पेस्टपासून सुरुवात करणार, एवढ्यात बायकोने फोन हातातून घेतला आणि भावाला विचारलं, "परत करायची मुदत कधीपर्यंत आहे रे?"

"महिनाअखेरपर्यंत," तो म्हणाला. आज एकवीस तारीख आहे.