चोरवाटेचें कौतुक

हल्लींच्या सुशिक्षित मंडळींत एका नव्याच कलेचें कौतुक चाललेलें आढळतें. कचेरींतील किंवा महाविद्यालयांतील संगणकावर वरिष्ठांनीं जीं संकेतस्थळें ब्लॉक केलीं असतील, तीं युक्तीनें उघडून दाखविणें ही ती कला होय. जिला ती साधली ती व्यक्ति चतुर, न साधली ती बावळट, अशी वांटणीहि आतां रूढ होऊं लागली आहे. मुलानें परीक्षेंत नक्कल केल्याचें ऐकून जे वडील शरमेनें मान खालीं घालतील, तेच वडील जेवणाच्या पानावर, आपण कचेरींतला फिल्टर कसा चुकविला, हें मोठ्या अभिमानानें सांगतात! ह्या कौतुकास आमचा विरोध आहे, आणि तो कां, हें येथें स्पष्ट सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. आम्ही फिल्टरचे भाट नव्हों. कचेरींतील सारे संगणक ज्या एका दारांतून बाहेरच्या जाळ्याशीं जोडलेले असतात, त्या दाराशीं हा पहारेकरी बसतो. मागितलेल्या स्थळाचें नांव पाहतो, तें कोणत्या वर्गांत मोडतें हें यादीवरून ठरवितो, आणि सोडतो किंवा अडवितो. यादी बहुधा दूरच्या एखाद्या कंपनीनें केलेली असते; आपल्या महाविद्यालयांत काय शिकवितात ह्याची तिला गंधवार्ताहि नसते. इंग्लंडांतील स्कंथॉर्प ह्या गांवाच्या इंग्रजी नांवांत एका अश्लील शब्दाचीं अक्षरें लागोपाठ येतात. तेवढ्यावरून १९९६ सालीं अमेरिका ऑनलाइन ह्या कंपनीच्या फिल्टरनें तेथील रहिवाशांस खातीं उघडूं दिलीं नाहींत. पुढें यंत्रें सुधारलीं हें खरें; तरी वाचणाराचा हेतु ओळखणें त्यांस अद्याप साधलेलें नाहीं. स्त्रीरोगांची माहिती शोधणारी विद्यार्थिनी आणि अश्लील चित्रें शोधणारा रिकामटेकडा, हीं दोघें अशा पहारेकऱ्याच्या लेखीं एकच ठरण्याचा संभव असतो.

मग अशा आंधळ्या पहारेकऱ्यास चुकविलें तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडतें तें दोन प्रकारांनीं.

पहिला प्रकार व्यवहाराचा. फिल्टर चुकविण्यासाठीं लोक बहुधा फुकटचा व्हीपीएन घेतात, म्हणजे आपली सारी ये-जा एका अनोळखी मध्यस्थाच्या हातून करवितात. हा मध्यस्थ कोण? होला नांवाची अशी एक सेवा होती. आपल्या वापरणारांचीं जोडणी ती इतर गिऱ्हाइकांस विकते, हें २०१५ सालीं उघडकीस आलें. ओनावो हें ॲप संरक्षणाच्या नांवाखालीं दिलें जाई. तें फेसबुकनें २०१३ सालीं विकत घेतलें होतें, आणि लोक कोणकोणतीं ॲप वापरतात ह्याची माहिती त्यांतून त्या कंपनीकडे जात असे. २०१८ सालीं ॲपलच्या दुकानांतून तें काढून घ्यावें लागलें. म्हणजे एका पहारेकऱ्यास चुकवून आपण शिरलों तें दुसऱ्याच्या घरांत! कोणी कचेरीच्या संगणकास आपल्या मोबाईलचें इंटरनेट जोडतात. तेव्हां कचेरीच्या भिंतीस एक दुसरें दार पडतें, आणि तेथें पहारा नसतो. त्या भिंतीआड सहकाऱ्यांचे पगार, विद्यार्थ्यांचे गुण, रुग्णांचीं टिपणें असतात. आपल्या घटकाभराच्या सोयीसाठीं दुसऱ्याची ठेव उघड्यावर टाकण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

दुसरा प्रकार आम्हांस अधिक गंभीर वाटतो. ही युक्ति कोणास साधते? ज्यांच्या शब्दास वजन आहे त्यांसच: प्राध्यापकांस, अधिकाऱ्यांस, इंग्रजी व संगणक दोन्ही जाणणारांस. त्यांची सोय झाली कीं ते तक्रार करीत नाहींत. तक्रार नाहीं हें पाहून प्राचार्य समजतात कीं, नियम उत्तम आहे. मग मागें राहतात कोण? ग्रंथालयांतला संगणक हाच ज्याचा एकमेव संगणक, तो खेड्यांतून आलेला विद्यार्थी. आणि नोकरीच्या धास्तीनें कळहि न दाबणारा कारकून. म्हणून आम्ही म्हणतों कीं, चोरवाट ही कुलपाची वैरीण नव्हे, पाठराखीण आहे.

ह्यावर इतिहासाचा दाखला पुढें केला जातो. जुलमी बंदी चुकविणें हा तर आमच्या वडिलांचा वारसा, असें म्हणतात. शिवरामपंत परांजपे ह्यांनीं ‘काळ’ पत्रांत वक्रोक्तीच्या आडून सरकारवर प्रहार केले, हें खरें. पण पत्र भर बाजारांत विकलें जात होतें, त्याचा संपादक कोण हें सर्वांस ठाऊक होतें, आणि १९०८ सालीं त्याबद्दल तुरुंगहि त्या संपादकानें सोसला. गांधीजींनीं १९३० सालीं मिठाचा कायदा मोडला; तत्पूर्वीं २ मार्च रोजीं पत्र लिहून आपला बेत त्यांनीं व्हाइसरॉयास कळविला होता. रात्रीं गुपचुप मूठभर मीठ उचलणारे त्याआधींहि असतील. त्यांच्यानें कायदा तसूभरहि हालला नाहीं. त्या थोरांचीं नांवें आपल्या लपंडावास देऊं नयेत.

तर मग करावें काय? अमेरिकेंत २००० सालीं असा कायदा झाला कीं, इंटरनेटसाठीं सरकारी मदत घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनीं फिल्टर बसविलाच पाहिजे. ग्रंथालयांच्या संघटनेनें चोरवाट शोधली नाहीं. ती उघडपणें न्यायालयांत गेली. २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा कायम ठेवला. परंतु प्रौढ वाचकानें मागणी केल्यास ग्रंथपाल अडविलेलें स्थळ मोकळें करूं शकतो, ही गोष्ट त्या निकालांत महत्त्वाची ठरली. आपल्याकडेहि २०१५ सालीं श्रेया सिंघल खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा संकेतस्थळें बंद करण्याचा अधिकार मान्य केला, तो अशा आदेशाचीं कारणें लेखी नमूद करावीं लागतात हें लक्षांत घेऊन. जी मर्यादा सरकारनें पाळावयाची, ती एखाद्या प्राचार्यानें किंवा मॅनेजरानें पाळल्यास त्याची प्रतिष्ठा उणावेल काय?

आमचें मागणें तीनच गोष्टींचें आहे. कोणत्या वर्गांचीं स्थळें अडविलीं आहेत आणि कां, हें संस्थेनें फलकावर लावावें. चुकून अडलेलें स्थळ मोकळें करण्यासाठीं एक जबाबदार माणूस नेमावा, व त्यानें एका दिवसांत उत्तर द्यावें. आणि मागणी करणाराकडे संशयानें पाहूं नये. कारण ह्या संशयाच्या भीतीनेंच भली माणसें चोरवाटेस लागतात.

वाचकांनाहि आमचें एक सांगणें आहे. कामाचें स्थळ अडलें, तर दोन ओळींचा अर्ज लिहा आणि खालीं सही करा. दहा सह्यांचे दहा अर्ज टेबलावर पडले म्हणजे ‘कोणाची तक्रार नाहीं’ असें म्हणण्याची सोय कोणासच उरत नाहीं. आणि क्रिकेटचा स्कोअर पाहण्यासाठीं अर्ज कसा करावा, अशी ज्यांस अडचण वाटेल, त्यांनीं मधल्या सुटींत आपल्या मोबाईलवर तो खुशाल पाहावा. त्यासाठीं कचेरीची भिंत फोडण्याचें कारण नाहीं.