नाडीचा वळ



उन्हाळा लागला की मोबाईलवर सनस्क्रीनच्या जाहिराती सुरू होतात. ऊन, सुरकुत्या, काळवंडणं आणि त्यातच कुठेतरी त्वचेच्या कर्करोगाची भीती. दुपारी बाहेर पडताना छत्री, पूर्ण बाह्या, डोक्यावर पदर हे सगळं करावंच, माझी ना नाही. पण आपल्या सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हापासून बरीच राखण करतं. म्हणून गोऱ्या लोकांच्या देशांच्या मानाने आपल्याकडे हा कर्करोग खूप कमी. आणि जो होतो, त्यातला काही अशा जागी होतो जिथे ऊन पोचतच नाही. तळपाय, जुन्या भाजल्याचा व्रण, आणि कंबर.

हो, कंबर. ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली घट्ट धोतर नेसणाऱ्यांच्या कंबरेवर होणाऱ्या कर्करोगाबद्दल लिहून ठेवलं आहे. पुढे साडीवाल्या बायकांमध्येही तो दिसला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीची जखम अठरा महिने भरत नव्हती, दुसरीची दोन वर्षं. दुसरीचा आजार तोवर जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

दोन वर्षं! हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. कारण उघड आहे. कंबर कोणाला दाखवायची? हळद लावायची, तेल लावायचं, आणि त्याच जागी पुन्हा नाडी आवळायची. रोजचं घर्षण, त्यात घाम. आधी काळा वळ पडतो, मग पापुद्रे, खाज, जखम. असं वर्षानुवर्षं चाललं तर क्वचित तिथेच कर्करोग होतो. क्वचितच हं, वळ तर आपल्यातल्या निम्म्याजणींना असेल, म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

आमच्या सामायिक मंडळात मी हा विषय काढला तर आधी हशा पिकला. मग एक काकू म्हणाल्या, "अगं, बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं." मला हे पटत नाही. उपवासाचं पच्चक्खाण आपण समजून-उमजून घेतो. कंबरेची जखम कोणी व्रत म्हणून घेतलेली नसते, तिला तपाचं नाव कशाला द्यायचं?

करायचं ते बिनखर्चाचं आहे. बारीक दोरीऐवजी परकराला रुंद पट्टा शिवून घ्या. गाठ मारल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत, हे माझं घरगुती माप. नाडीची जागा थोडी वर-खाली बदलत राहा. सलवारीच्या नाडीलाही हेच लागू. कातडी सोलली असेल तर भरेपर्यंत सैल गाऊन घाला. तीन-चार आठवड्यांत जखम भरली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते तुकडा तपासायला काढू म्हणतील. तुकडा काढल्याने रोग पसरतो हा निव्वळ गैरसमज आहे. वेळेत कळलं तर तेवढा भाग काढून टाकून बहुतेक वेळा काम भागतं.

घरात नऊवारी नेसणाऱ्या सासूबाई असतील तर त्या आपणहून बोलणार नाहीत. पाठ चोळून देताना त्यांची कंबर जरा बघून घ्या.