पोटॅशच्या पोत्यातला अणू

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबला उसाच्या आणि द्राक्षबागांच्या हंगामात म्युरेट ऑफ पोटॅशची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची, पोती घरोघर येऊन पडतात. पन्नास किलोच्या एका पोत्यात सुमारे २५ किलो पोटॅशियम असतं आणि त्यातली सात लाखांहून जास्त अणुकेंद्रकं दर सेकंदाला क्षय पावत असतात. हे सांगितलं की लोक दोनच गोष्टी बोलतात, आणि दोन्ही चुकतात.

पहिली: ‘म्हणूनच म्हणतो, रासायनिक खत म्हणजे विष, शेणखत घाला.’ शेणखत जरूर घालावं, पण कारण हे नव्हे. निसर्गात पोटॅशियम जिथे आहे तिथे त्यातला सुमारे ०.०१२ टक्के भाग किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतोच. एक ग्रॅम पोटॅशियम कुठूनही आणा, खाणीतून, शेणातून, नाहीतर केळ्यातून. त्यात सेकंदाला साधारण ३१ केंद्रकं क्षय पावणार. सत्तर किलोच्या माणसात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे पोत्यावर आरोप करणाऱ्याच्या अंगातही सेकंदाला चार हजारांवर क्षय चालू आहेत.

दुसरी गोष्ट जास्त हुशारीची वाटते, म्हणून जास्त घातक: ‘केळ्यातही किरणोत्सार आहे, मग घाबरायचं कशाला?’ अणुभट्टीपासून कचऱ्यापर्यंत सगळ्याला हे केळं पुढे केलं जातं. पण शरीर पोटॅशियमची पातळी स्वतः राखतं. जास्तीचं बाहेर टाकतं. अणुकचऱ्यातल्या स्ट्रॉन्शियम-९० ची गोष्ट वेगळी. बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन, म्हणून ते कॅल्शियमसारखं वागतं आणि हाडात जाऊन बसतं. केळ्याची सबब तिथे चालत नाही.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. शाळेत अणुरचना एका धड्यात आणि किरणोत्सारिता दुसऱ्या धड्यात, आणि मधला पूल कुणी बांधत नाही. अणूच्या घरात दोन कारभार आहेत. पदार्थ कशाशी संयोग पावेल, पाण्यात विरघळेल का, शरीरात कुठे जाईल, हे इलेक्ट्रॉन ठरवतात. केंद्रक टिकेल की क्षय पावेल, हे प्रोटॉन-न्यूट्रॉनचा मेळ ठरवतो. पोटॅशियम-३९ मध्ये १९ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन. पोटॅशियम-४० मध्ये न्यूट्रॉन एकाने जास्त. इलेक्ट्रॉन दोघांत १९, म्हणून उसाच्या मुळांना दोन्ही सारखेच. पण त्या एका न्यूट्रॉनने मेळ बिघडतो. बहुतेक वेळा एक न्यूट्रॉन प्रोटॉन बनतो, बीटा कण बाहेर पडतो आणि अणू कॅल्शियम-४० होतो. पोटॅश पाण्यात विरघळवा, तापवा. या क्षयात फरक पडत नाही, कारण तो सगळा खटाटोप इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरचा.

फळ्यावरची आकृती इथे आडवी येते. तिच्यात केंद्रक लिंबाएवढं आणि भोवती चार रेघोट्या. पोटॅशियमचं केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरलं, तर अणू दोनशे मीटरचा होईल. १९११ साली रदरफर्डने केंद्रकाचा निष्कर्ष काढला तो यामुळेच: सोन्याच्या पत्र्यातून बहुतेक अल्फा कण सरळ पार गेले, मोजकेच मागे उलटले.

आणखी एक गैरसमज नाशिककडचा. लासलगावात २००२ पासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे मोड रोखण्याची सोय आहे. ‘तो कांदा किरणोत्सारी होतो,’ असं शिकलेली माणसंही म्हणतात. गॅमा किरणांची ऊर्जा सुमारे १.१७ आणि १.३३ एमईव्ही. कांद्यातल्या कार्बन, ऑक्सिजनसारख्या अणूंच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उपटायला याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. किरण कांद्याच्या पेशींतले रेणू तोडतात, कोंब थांबतो. केंद्रक जसंच्या तसं राहतं. शिवाय कोबाल्ट कांद्याला शिवतही नाही, तो बंद नळ्यांत असतो.

‘खेड्यातल्या शाळेत याचे प्रयोग कसे करणार?’ ही तक्रार मला पटत नाही. एक गायगर मापक तालुक्यातल्या शाळांनी मिळून घ्यावा. आधी रिकाम्या टेबलावर दहा मिनिटं मोजावं, कारण माती आणि आकाश यांतून येणारे ठोके असतातच. मग मीठ, मग तेवढ्याच वजनाचं पोटॅश. मिठाने आकडा जवळपास हलणार नाही, पोटॅशने वाढेल. दोन्ही क्लोराइडच, दिसायलाही भावंडं. मग मुलांना विचारावं: ठोके क्लोरीनचे की पोटॅशियमचे, आणि हे कशावरून?