कोंबडीला कसलं औषध?

"कोंबडीला कसलं औषध? कापा अन् रस्सा करा." आमच्या ठिपकीनं खाणं सोडलं तेव्हा तीन दिवसांत हे वाक्य मी सात-आठ जणांच्या तोंडून ऐकलं. कुणी गावातले जुने, कुणी समोरच्या सोसायटीतले. माणसं वेगळी, वाक्य तेच. त्या वाक्याशी माझं भांडण आहे.

आमचं गाव होळकरवाडी. २०२१ साली ते पुणे महापालिकेत गेलं आणि मी घर न सोडता पुणेकर झालो. रानाच्या कडेनं इमारती उठल्या, तरी परसात खुराडं आहे आणि त्यात चार कोंबड्या आहेत. ठिपकी नातीची. पिलू होतं तेव्हापासून पोरीनं तळहातावर कण्या चारून वाढवलेली. हाक मारली की उकिरड्यावरून पळत येते.

एके सकाळी ती पंख पाडून कोपऱ्यात बसली. एक डोळा सुजलेला, नाकाला चिकट पाणी, श्वासाला घरघर. नात म्हणाली, "आबा, हिला दवाखान्यात नेऊ." मी हसलो. खोटं कशाला बोलू? ते वाक्य माझ्याच घरात वाढलेलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होतो. आई खडी फोडायला जायची. घरातला बाकी पैसा वडलांच्या हातात, अंड्यांचा तेवढा आईचा. माझ्या वह्या आणि बहिणीच्या बांगड्या त्यातनंच यायच्या. त्या साली गावात मानमोडी आली. हिरवी हागवण, मान पिरगळलेली, पाय लुळे. आई कामावर गेलेली बघून मी मोठं शहाणपण केलं. हळद-लसणाचं पाणी केलं, तांबड्या कोंबडीची चोच फाकवली आणि वाटीभर पाणी घशात ओतलं. तिनं दोन आचके दिले आणि माझ्या मांडीवरच गेली. आईला वाटलं, रोगानं गेली. मी काही बोललो नाही. आई असेपर्यंत बोललो नाही.

बाकीच्या गावानं काय केलं? ज्याची कोंबडी पेंगली त्यानं ती मरायच्या आत कापली. कुणी झाकून हडपसरच्या बाजारात विकली. पिसं-आतडी उकिरड्यावर, आणि त्याच उकिरड्यावर शेजाऱ्याच्या कोंबड्या उकरायला. आठ-दहा दिवसांत पहाटेची बांग बंद झाली. "कापा अन् रस्सा करा" हे नुकसान वाचवणारं शहाणपण आहे म्हणतात. मी बघितलंय, त्या शहाणपणानंच रोग घरोघर पोचवला.

आता शहरातलं शहाणपण ऐका. एका दवाखान्यात सांगितलं, आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. दुसरीकडे म्हणाले, "काका, फीच्या पैशात नवी कोंबडी येईल." मेडिकलवाल्यानं तर कोंबडी न बघताच माणसाच्या गोळ्यांची पट्टी पुढं सरकवली. "अर्धी द्या, बसेल."

कशाची अर्धी? माणूस साठ किलोचा, कोंबडी दीड किलोची. नुसत्या वजनाचा हिशोब धरला तरी चाळिसावा भाग होतो. अर्धी म्हणजे वीसपट झाली! शिवाय पक्ष्याचं अंग वेगळं, त्याचं माप वेगळं. बरं, ती गोळी लागू तरी पडणार का? मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग. त्याला अँटिबायोटिक चालत नाही, त्याला आधी लसच लागते. कोलिस्टिन नावाचं औषध कोंबड्यांना इतकं दिलं गेलं की २०१९ साली सरकारला खाण्याच्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर बंदी घालावी लागली. कारण माणसाला दुसरं काही लागू पडेनासं झालं की शेवटी त्याचाच आधार असतो. अंदाजपंचे दिलेली गोळी एका कोंबडीपुरती राहत नाही. ती अंड्यातून आपल्याच ताटात येते.

शेवटी एक डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी ठिपकीला काट्यावर ठेवलं. १ किलो ४०० ग्रॅम. डोळा बघितला, छातीला कान लावला. म्हणाल्या, ही मानमोडी नाही, जंतूची सर्दी आहे, औषधानं हटेल. पाच दिवसांचं पातळ औषध दिलं. मग चोच हळूच उघडून मला म्हणाल्या, "बघा आबा." जिभेच्या मागं लगेच एक बारीक फट उघडझाप करत होती. "ही श्वासनळी. घशात ओतलं तर औषध सरळ फुप्फुसात जातं. फडक्यात गुंडाळून उभी धरा, चोचीच्या कडेला थेंब सोडा. तिला गिळू द्या, मग दुसरा."

मी त्या फटीकडे बघत राहिलो. तांबडी रोगानं गेली नव्हती. पन्नास वर्षांनी कळलं.

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ही थेंब सोडले. तिसऱ्या दिवशी ती कण्या टिपायला लागली, तरी पाचही दिवस पुरे केले. बाकीच्या तिघी वेगळ्या ठेवल्या, पाण्याचं भांडं वेगळं केलं. औषध संपल्यावरही डॉक्टरबाईंनी सांगितले तेवढे दिवस तिची अंडी खाल्ली नाहीत.

यावर एक टोमणा हमखास येतो. "तात्या, तुम्ही कोंबडी खाता की!" खातो. जत्रेला कापतो, पाव्हणा आला की कापतो. पण कापायची ती धडधाकट कापावी. खाणं आणि कुजू देणं या दोन गोष्टी आहेत. जिला दाणा टाकून जवळ बोलवलं तिच्या दुखण्याला "नवी आणा" म्हणणं, हा हिशोब मला पटत नाही. पाळायचं तर दाण्याबरोबर औषधही देणं लागतं. ते झेपत नसेल तर पाळू नये.

हे सगळं पुण्यात घडावं याची मला जास्त चीड येते. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली उभी केलेली वेंकटेश्वरा हॅचरीज आज पुण्याचीच म्हणून ओळखली जाते. "संडे हो या मंडे" घराघरात नेणाऱ्या अंडी समन्वय समितीचं कार्यालय पुण्यात. पशुसंवर्धनाचे आयुक्त औंधला बसतात, आणि कोंबड्यांची सरकारी लसही औंधलाच तयार होते. एवढं असून परसातल्या चार कोंबड्यांना लस मिळत नाही. का? बाटली शंभर डोसांची किंवा त्याहून मोठी. बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. शेडवाल्याला ते जमतं. चार कोंबड्यांसाठी बाटली कोण फोडणार?

म्हणून माझं मागणं साधं आहे. महापालिकेत आलेल्या प्रत्येक गावात महिन्यातला एक दिवस ठरवा. चावडीपुढं डाली आणा, एक बाटली फोडा, सगळ्यांच्या कोंबड्यांना टोचा. एकाच वेळी खूप कोंबड्या मरायला लागल्या तर मात्र घरचं औषध नको, हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूत काय झालं ते आठवा. लाखो पक्षी मारावे लागले.

ठिपकी वाचली. सुजलेल्या डोळ्यानं तिला कमी दिसतं, दाणा टिपताना मान वाकडी करते. ती गेली असती तरी मी हेच लिहिलं असतं.

डॉक्टरबाई पुढच्या महिन्यात आमच्या आळीत यायला तयार आहेत. बाटली शंभर डोसांची आहे. आजपर्यंत एकेचाळीस कोंबड्यांची नावं आलीत. एकोणसाठ डोस शिल्लक आहेत. ज्यांच्या खुराड्यात कुणी आहे, त्यांनी घेऊन यावं.